साखरेवर पोसलेले

ग्रोनिंगेन,
११ नोव्हेंबर १९९१

प्रिय बाबा,

गुडघा कसा आहे? मी बरी आहे. आत्ताच आजच्या सणाची कंदीलवाली पोरं दारात गाणं म्हणून, गोळ्या घेऊन गेली. तुम्ही पाठवलेली नाशपाती संपली. एवढं लिहून झालं, आता टाळता येत नाही.

फ्राउके काकूंच्या विहिरीबद्दल लिहायचंय. आपल्या सायकलींच्या कारखान्यातलं ते क्लोरीनचं, तेल काढायचं द्रव जमिनीत मुरलं, शेजारची त्यांची विहीर बंद झाली, आणि तेव्हापासून तुम्ही शरमेनं कुणाच्याच वाढदिवसाला गेला नाहीत. किती सांडलं ते तुम्ही सांगितलंत, आणि मी म्हटलं होतं, माझे जिवाणू ते विष खातील. काकू म्हणाल्या होत्या, "पोरी, तुझी पिल्लं जेवायला बसली की सांग. मग माझ्या वाढदिवसाला तुझ्या बापाची खुर्ची माझ्या शेजारी."

जिवाणू सोडले, विष हललं नाही. गावच्या सभेत सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि मी म्हणाले, "बाबा सांगतात त्याहून जास्त सांडलं असेल." तुम्ही मागच्या रांगेत होतात. टोपी घातलीत आणि निघून गेलात.

काल तपासलं. ते विष तोडणारं विकर ज्या जनुकामुळे बनतं, ते जनुकच माझ्या जिवाणूंत उरलेलं नाही. त्यांना थोडं थोडं विष चारतच वाढवायचं असतं, नाहीतर फुकटचं ओझं म्हणून ते जनुक टाकून देतात. हे मला ठाऊक होतं, बाबा. पण काकूंच्या ऐंशीव्या वाढदिवसाआधी विहीर उघडायची घाई. म्हणून साखरेवर पोसले. भराभर वाढले आणि कामाचे राहिले नाहीत. तुमचा शब्द खरा होता, आणि मी भर सभेत बापाला खोटं पाडलं. लाज वाटते हो. आरशात बघवत नाही.

शनिवारी वाढदिवस आहे. काकूंना फोन करून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला एकटीला काय सांगतेस? चारचौघांत बोललीस, चारचौघांतच सांग. कॉफी ओतायच्या आधी."

सांगणार आहे. विहीर अजून बंदच आहे, तरी काकू तुमची खुर्ची स्वतःच्या शेजारी मांडणार आहेत. यावंसं वाटलं नाही तर नका येऊ. ती रिकामी असली तरी मी तिच्याकडे बघूनच बोलेन.

तुमच्या माथी खापर फोडून सुटू पाहणारी,
तुमचीच,
हिल्ये