ल्यूकनच्या परसातली मूठभर माती

अप्पा,

तुम्हाला हसू येईल, पण मी एकदा इथल्या ल्यूकन गावात जेवण पुरायला गेले होते. आमच्या वॉर्डातल्या आयरिश सिस्टरचा नवरा न्यूझीलंडचा माओरी. त्यांच्याकडे मोठ्या जेवणाला खड्डा खणतात, त्यात तापून लाल झालेले दगड टाकतात, वर मांस, रताळी, भोपळा भरलेल्या जाळीच्या टोपल्या ठेवतात आणि ओली पोती अंथरून सगळं मातीखाली गाडतात. तीन तासांनी उकरून खायचं. माझ्यासाठी त्यानं रताळ्यांची वेगळी टोपली केली होती. त्या उन्हाळ्यात पाऊस असा नव्हताच, लॉन पार पिवळं पडलं होतं, आणि मी लेकीला फुशारकीनं सांगत होते की तुझे आजोबा हुरड्याची आगटी यापेक्षा भारी लावायचे.

मग तो म्हणाला, पाहुण्यांनीही माती टाकायची. "कम ऑन डॉक्टर, एव्हरीबडी!" बाकीच्यांनी फावडी घेतली. मी वाकून हातानंच मूठभर उचलली. आपल्यात मूठमाती तशीच देतात ना! आणि तिथंच अडकले. तुमच्या वेळची मूठ माझ्या हातून राहिलेली. पोत्याच्या कडेनं वाफ सुटतेय, वाफ गेली तर अन्न कच्चं राहणार, तो ओरडतोय, "देअर, बाय युवर फूट!" लेक वैतागलीय, "मम्मी, जस्ट थ्रो इट!" आणि माझी मूठ काही केल्या उघडत नाही.

आज्जाला पुरलं तेव्हा मी सात वर्षांची होते आणि अशीच मूठ आवळून उभी होते. तुम्ही चारचौघांत खेकसलात, "उघड की गं मूठ, किती वेळ लावतीस!" मग स्वतःच खाली बसून माझं एकेक बोट सोडवलंत. मला तुमचा फार राग आला होता. ल्यूकनमध्ये बोटं सोडवायला कुणी नव्हतं. शेवटी त्यानंच येऊन माझ्या पायाजवळ फावडंभर माती ओतली. सिस्टर पाठीवर हात फिरवत म्हणाली, "यू आर ग्रँड, पेट," म्हणजे काही नाही गं, बाळ. तिला वाटलं, मला धूर लागला. रताळी निघाली ती मऊसूत, मातीच्या वासाची. मी दोनदा मागून घेतली. रडत होते आणि खातही होते, आणि दोन्हीची लाज वाटत होती.

तुम्ही गेलात तेव्हा मला इथं येऊन तीनच महिने झाले होते. रजा मिळत नाही, असं मी कळवलं. तरी दादानं दुसऱ्या दिवशीच्या दुपारपर्यंत तुम्हाला माझ्यासाठी ठेवलं होतं म्हणे. आई अजून फोनवर माझ्या इथल्या हॉस्पिटलला शिव्या घालते आणि मी ऐकून घेते. हे पत्र घरी पाठवलं तर तीच वाचेल, म्हणून पाठवत नाही. रजा मी मागितलीच नव्हती, अप्पा. तुमच्यावर माती टाकायची माझ्यात हिंमत नव्हती.