आंबट माती

५ डिसेंबर
सोसायटीची डायरी फुकट आली. सून दिपाली मोबाईलवरच लिहिती, म्हणून मला दिली. चौथीपर्यंतच शिकले, पण अक्षर तिच्यापेक्षा बरं हाय. कुणी वाचू नये.
आज केजच्या बाजारातून अजेली आणली. रोपांचा गाडीवाला हनुमान म्हणला अझेलिया. काय का असंना. सतरा कळ्या हायत. जीपमधी मांडीवर धरून आणली. शेजारची बाई म्हणली, एवढं तर कुणी लेकराला बी जपत न्हाई.
दरसाल रथसप्तमीच्या हळदीकुंकवाला आळीतल्या बाया आधी माझ्या धाकट्या जावंकडं, विजयमालाकडं जात्यात. तिची शेवंती बघत बसत्यात. माझ्याकडं येईस्तोवर चहानं पोटं भरलेली. यंदा आधी माझ्याकडं येतील. असली फुलं कुणाच्या बापानं बघितली न्हाईत.

६ डिसेंबर
हनुमाननं तीन गोष्टी सांगितल्यात. सावलीत ठेवा. बोरचं खारं पाणी घालू नका. माती आंबट लागती.
सावलीत ठेवली तर दिसंल कुणाला? ओट्यावर ठेवली, विजयमालाच्या दारासमोर. बोर सोडून दुसरं पाणी आणू कुठून? राहिली आंबट माती. ते मला कुणी शिकवायचं न्हाई. तीस वर्षं कढी करते. तांब्याभर ताक घातलं.

९ डिसेंबर
ताक रोज चालू. आज चिंचेचा कोळ बी घातला. दिपाली म्हणली, आत्या, आंबट म्हंजे तसलं आंबट नसतंय, थांबा, मी मोबाईलमधी बघते. म्हणलं, तुझ्या मोबाईलला जीभ हाय का?

१७ डिसेंबर
पाच कळ्या गळल्या. काल विजयमाला आलती. कुंडीजवळ वाकली अन म्हणली, अक्का, कसला वास येतोय हो? तवाच ओळखलं. नजर लावली तिनं. लिंबू-मिरची बांधली.
मांजर रात्रंदिवस कुंडी चाटतंय. मांजराला सुदिक चव कळती.

२८ डिसेंबर
समोरच्या छबुबाईनं आज भर आळीत इचारलं, का गं, तुझी आजारी कशी हाय? अजेली म्हण म्हणलं. म्हणली, तेच की, आजारी. सगळ्या हसल्या. आता पोरं बी म्हणाय लागली.
आठ कळ्या हायत. आठ लई झाल्या.

२ जानेवारी
नजरेचं लिंबू सुकाय लागलं. फेकायचं का म्हणून? मुळाशी पिळलं.

७ जानेवारी
दगा. घरातनंच दगा.
मालकाला महिनाभर जेवताना ताक न्हाई, सगळं कुंडीला जातंय. एका शब्दानं कुरकुरले न्हाईत. मला वाटलं, माणूस समजूतदार हाय. आज घरात आले तर मिशीला ताक! विजयमालाकडं पिऊन आलते. रोज जातेत म्हणं. इचारलं तर म्हणले, तुझं झाड जेवतंय, मी कुठं जेवू?
मी तिच्या दारात जाऊन सांगून आले. माझ्या झाडाला नजर लावली, आता नवरा बी फितवला. आजपासून बोलणं बंद. ती नुसती बघत राहिली. बघणारच. गुन्हेगार हाय.

१४ जानेवारी
संक्रांत. दोन कळ्या. पानं तपकिरी पडली. कात टाकत असंल.
बारा घरी सांगून आले, रथसप्तमीला आधी माझ्याकडं या, अजेली फुलणार. विजयमालाचं दार टाळून गेले.

२१ जानेवारी
केजला जाऊन हनुमानला धरला. सगळं ऐकून घेतलं त्यानं. म्हणला, मावशी, झाड लावलं का लोणचं घातलं? उलटा बोलतोय. माल खराब देतेत अन वर तोंड.

२४ जानेवारी
शेवटची कळी गेली. दिपाली म्हणली, आत्या, शेवंतीची कुंडी आणून ठेवू का? म्हणलं, शेवंती तिकडं हाय, इथं अजेलीच पायजे. सासऱ्याच्या फोटोला प्लास्टिकचा हार हाय, त्यातली गुलाबी फुलं सोडवून फांद्यांना दोऱ्यानं बांधली. लांबून ओळखू येत न्हाई.

२५ जानेवारी, रथसप्तमी
बाराच्या बारा आल्या. आधी माझ्याकडं! पाच मिनिटं सगळं बरं चाललं. मग छबुबाईनं फुलाला हात लावला, ते निघून तिच्या हातात आलं. म्हणली, अगं, हे तर तुझ्या सासऱ्याच्या हारातलं! तिळगूळ खात खात, हसत हसत सगळ्या विजयमालाकडं गेल्या. दिपाली बी गेली. मालक आधीच तिकडं.
मग दिपाली परत आली. म्हणली, आत्या, काकूंनी बलावलंय. हळदीकुंकवाला न्हाई म्हणता येत न्हाई, म्हणून गेले. गेले तर तिच्या पडवीत, प्यायच्या पाण्याच्या जारखाली, अजेली. तीस फुलं मोजली अन मोजायचं सोडलं. तिनं बी त्याच दिवशी हनुमानकडनंच आणलती. म्हणली, अक्का, खरं सांगू, ठेवली अन इसरलेच मी. जारची तोटी ठिबकती, तेवढंच पाणी.
तिनं मला कुंकू लावलं, ओटी भरली अन वाण म्हणून ती कुंडीच पुढं केली. म्हणली, माझ्यापेक्षा तुमालाच हौस हाय. घ्या, आता तरी गोड बोला. बारा जणी बघत व्हत्या. वाण परत करता येत न्हाई. पदरात घेतलं. वास घेऊन बघितला. वासच न्हाई!

रात्री
ओट्यावर ठेवली. बारकाईनं बघितली. फुलं जरा बारकी हायत. उपाशी ठेवली की तिनं, दुसरं काय.
मालकाला सांगितलं, उद्यापासून ताक तिकडंच प्या.