बाबांची मोटरबोट माझ्या नावावर

वापाकोनेटा, ओहायो
२४ जुलै

ती. व्हर्लीन आत्यास,

ट्रिपचा वाकता येईल तेवढं वाकून नमस्कार. (आयुष्यभर लोकांच्या पियानोत डोकं खुपसून सूर लावल्यामुळे कंबर आता ठरावीक कोनापलीकडे जात नाही, तेव्हा उरलेला नमस्कार तू मनाने पुरा करून घे.) ॲरिझोनाच्या उन्हात तब्येत ठणठणीत असेल, गुडघ्यांची कुरकुर कमी असेल, आणि कानांचं तर विचारायलाच नको. एक्क्याऐंशीव्या वर्षी असे कान! गेल्या नाताळात नोरीन स्वयंपाकघरात तुझ्या सुक्या मेव्याच्या केकबद्दल जे पुटपुटली, ते तू बाहेरच्या खोलीत, टीव्ही चालू असताना, शब्द न् शब्द ऐकलंस. आमच्याकडे अजून त्याची चर्चा निघते. (केकची नव्हे, कानांची.)

एवढं लांबण लावायचं कारण तुझे धाकटे बंधू, म्हणजे आमचे बाबा. पण त्याआधी नोरीनचं ऐक. वीस वर्षं ती चर्चच्या तळघरात पाई भाजून अख्ख्या गावाची पोटं वाढवते आहे. आता तिला स्वतःचं दुकान हवंय. फ्लेडरयोहानचं बुटांचं दुकान बंद पडलंय, त्याची विधवा ते आम्हालाच द्यायला तयार आहे, पण फक्त एकतीस ऑगस्टपर्यंत. त्यानंतर ते फटाक्यांच्या गोदामासाठी एका माणसाला जाणार. नोरीनने खिडक्यांची मापं घेऊन पिवळे पडदेसुद्धा शिवून टाकलेत. बायको पडदे शिवून मोकळी झाली की नवऱ्याला माघार घ्यायला जागा उरत नाही, म्हणून मी कर्ज मागायला बँकेत गेलो.

बँकेत टॅबिथा होल्टकँप आहे. तिच्या आजीचा पियानो मीच लावतो. तिने माझा क्रेडिट रिपोर्ट काढला, पाहिला, आणि डॉक्टर क्ष-किरणांचा फोटो उजेडात धरून ज्या आवाजात बोलतात त्या आवाजात विचारलं, "ट्रिपकाका, तुम्ही मोटरबोटीचे हप्ते हिवाळ्यात का भरत नाही हो?" आत्या, मला बाथटबमध्येसुद्धा मळमळतं हे तुला माहीत आहे. मी म्हटलं, पोरी, बोट बाबांची. ती म्हणाली, "ते मला ठाऊक आहे. गावाला ठाऊक आहे. इथे मात्र डेलबर्ट स्टकी लिहिलंय."

आता बघ, आजोबा डेलबर्ट स्टकी, बाबा डेलबर्ट स्टकी, मी डेलबर्ट स्टकी. मूल झालं की एक नवं नाव शोधायचं, एवढे कष्टही आपल्या घराण्याने तीन पिढ्या घेतले नाहीत. (मला दोन्ही मुलीच झाल्या म्हणून ही साथ माझ्यापाशी थांबली.) गावात अडचण नव्हती, कारण बाबांना ज्युनियर म्हणतात आणि मला ट्रिप, म्हणजे ट्रिपल, तिसरा. पण आपल्या कर्जांची जन्मकुंडली ठेवणाऱ्या या ज्या तीन कंपन्या आहेत, त्यांना टोपणनावं कुणी कळवलीच नाहीत.

टॅबिथा म्हणाली, हे असं असताना कर्ज मिळणार नाही, तेव्हा स्वतः रिपोर्ट मागवा, चुका शोधा, हरकत घ्या, फुकट असतं. फुकट म्हटल्यावर मी त्याच संध्याकाळी बसलो. तर आधी परीक्षा! मी मीच आहे याची खात्री पटवायला पाच प्रश्न. खालीलपैकी कोणत्या रस्त्यावर तुम्ही राहत होता? मोटरबोटीचा हप्ता किती? मी प्रामाणिकपणे प्रत्येक ठिकाणी 'यापैकी नाही' लिहिलं आणि माझ्याच आयुष्याच्या परीक्षेत सपशेल नापास झालो. शेवटी बाबांना आणून शेजारी बसवलं. त्यांनी कॉफीचा कप खाली न ठेवता पाचही उत्तरं दिली आणि वर म्हणाले, "ट्रिप्या, इतकं सोपं होतं की!"

रिपोर्ट उघडला. त्यात मी एकोणीसशे एकसष्टपासून हातमोज्यांच्या कारखान्यात कामाला आहे. (माझा जन्म एकाहत्तरचा. म्हणजे जन्मण्याआधीच दहा वर्षांची नोकरी झाली होती.) बोटीचे हप्ते एप्रिल ते ऑक्टोबर चोख, पुढे थकलेले. बाबांना विचारलं, तर ते मलाच वेड्यात काढून म्हणाले, "तळं गोठलेलं, बोट शेडमध्ये ताडपत्रीखाली झोपलेली, आणि मी तिचे पैसे भरू?" आणि शेवटी एक कानाचं यंत्र, अर्धं बिल थकलेलं, वसुलीला दिलेलं. ते वाचून नोरीन म्हणाली, "बाबा, तुम्हाला तर तिसऱ्या गल्लीतली आइसक्रीमची गाडी ऐकू येते. हे यंत्र कुणाच्या कानात आहे?" बाबा म्हणाले, "कॉफी गार झाली," आणि घरी गेले.

मी रीतसर हरकतीचं पत्र लिहिलं, रजिस्टर टपालाने पाठवलं, सोबत लायसन्सची आणि वीजबिलाची प्रत जोडली. तीस दिवसांनी उत्तर आलं: चौकशी केली, नोंदी बरोबर आहेत. चौकशी कशी? त्यांनी बोटवाल्याला विचारलं, डेलबर्ट स्टकीने बोट घेतली का? तो म्हणाला, घेतली. झालं, मिटली चौकशी. यात खोटं कोणीच बोललं नाही, हे सगळ्यात संतापजनक.

टॅबिथाने तोड काढली. एकच कागद: बोट आणि यंत्र, दोन्ही माझी आहेत, मुलाची नाहीत, असं बाबांनी लिहून द्यायचं आणि तिच्यासमोर सही करायची. तो लगेच पाठवला तर तीस दिवसांत, म्हणजे एकतीस ऑगस्टच्या आत, काम होतं. मी बाबांना घेऊन गेलो. आणि तिथे त्या पोरीने सहज, कौतुकाने, बाबांचाही रिपोर्ट काढून दाखवला. आत्या, साडेआठशेपैकी आठशे अकरा! कारण माझ्या व्हॅनचे सात वर्षांचे हप्ते, एकही दिवस न चुकवता भरलेले, सगळे बाबांच्या खात्यात जाऊन बसलेत. मला पाचशे ऐंशी.

बाबा नववीत शाळा सोडून आलेले. त्यांनी तो आकडा दोनदा वाचला, पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "व्हर्लीनला नेहमी पैकीच्या पैकी, मला नेहमी शेपटाकडून पहिला. अठ्ठ्याहत्तर वर्षांत पहिल्यांदा चांगले मार्क पडलेत आणि तू म्हणतोस परत देऊन टाका?" मी म्हटलं, बाबा, ते मार्क माझे आहेत. तर म्हणाले, "पेपर कुणी सोडवला? पाचही उत्तरं कुणाची?" तेव्हापासून डॉटीच्या हॉटेलात सकाळच्या कॉफीला हा आकडा रोज सगळ्यांना ऐकवला जातो, आणि सही काही होत नाही. मी म्हटलं, बरं, बोटीपुरती तरी करा. तर म्हणतात, करीन तर सगळ्यावर, नाहीतर कशावरच नाही. नोरीन कालपासून फक्त पडदे इस्त्री करते आहे. तेच तेच पडदे.

असो. थोरली जेन व्यवस्थित, धाकटीचं नेहमीप्रमाणे. तुझ्या निवडुंगाला माझा लांबूनच नमस्कार.

तुझा आज्ञाधारक भाचा,
ट्रिप (डेलबर्ट स्टकी, तिसरा, कागदोपत्री दुसरा)

ता. क. : बाबा या जगात फक्त तुला भितात. तू त्यांना लहानपणी कोंबड्यांच्या खुराड्यात कोंडलं होतंस, ते अजून सांगतात. तेवढा एक फोन करशील का? पुढच्या शुक्रवारच्या आत कागद टपालात पडायला हवा.

ता. क. दुसरा : आता खरं सांगतो. यंत्राच्या दुकानाने काल मला पावतीची प्रत पाठवली. (त्यांच्या लेखी थकबाकीदार मीच, त्यामुळे मागितल्याबरोबर मिळाली.) दुकान तुझ्या टूसॉनचं. तारीख दोन वर्षांपूर्वीची, बाबा हिवाळ्यात महिनाभर तुझ्याकडे होते तेव्हाची. विकत घेणारा डेलबर्ट स्टकी. कान मात्र व्हर्लीनचे. शेऱ्यात तक्रारही नोंदवली आहे, की यंत्र चर्चमध्ये प्रार्थनेच्या वेळी शिट्टी मारतं. शिट्टी थांबत नाही तोवर पैसे नाहीत, हे तर अगदी बाबांचंच. कुणाला सांगणार नाही अशी तू शपथ घातली असशील, आणि ते सांगत नाहीत; सही केली की यंत्र कुणाच्या कानात, हा प्रश्न येणारच. आठशे अकराचा तमाशा अर्धा हौसेचा, अर्धा तुझ्यासाठी. त्यांना शपथेतून मोकळं कर. नोरीनने विचारलं तर मी गप्प बसेन. सव्वीस वर्षांच्या संसारात तेवढा सराव झालाय. आणि सुरुवातीला केलेली कानांची स्तुती मी मागे घेत नाही, फक्त निम्मं श्रेय बाबांना दे.

ता. क. तिसरा : फोन करताना ते यंत्र कानात असू दे. बाबांना तुझ्याशी खाजगी बोलायचं असेल, आणि मागच्या खेपेला तुला ऐकू जावं म्हणून ओरडून केलेल्या त्यांच्या खाजगी बोलण्याला समोरच्या मिसेस कुक आपल्या ओसरीवरून उत्तरं देत होत्या.