नळाची पहिली धार

॥ श्री येडेश्वरी प्रसन्न ॥

मुरुम, चैत्र शुद्ध पंचमी

ती. गजराअक्का यांना धाकट्या महेश्वरीचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. दाजींनाही नमस्कार सांगा (रागात असले तरी सांगा, नमस्कार काही बारमधून आलेला नाही). इकडे सगळे खुशाल. तुमच्या गुडघ्याला उतार पडला का? आमची हर्षाली कॉलेजातून परस्पर तिकडं येडाईच्या दर्शनाला आली होती, तेव्हा तुमचा चष्मा फुटल्याचं तिनं सांगितलं. नवा करून घ्या, काटकसर डोळ्यांवर करू नये. फोनच केला असता, पण फोनवर तुम्हाला कमी ऐकू येतं आणि मग तुम्ही जे बोलता ते डोंगरावरच्या पुजाऱ्यापर्यंत जातं. ही गोष्ट तशी बोलण्यासारखी नाही, म्हणून पत्र. हे पत्र रात्रीच्या जेवणानंतर दाजींना वाचून दाखवा. कंसात ‘गाळा’ असं लिहिलंय तेवढं मनातच वाचा.

आमच्या घरी काय काय आलं ते आधी खरं खरं लिहिते, कारण तुमच्या येरमाळ्यात भलतंच पोचलंय. स्टीलचा चकचकीत नळ खांबासकट, अडतीस हजार. गार करायची पेटी, बावन्न हजार (हिला चाकं आहेत, म्हणजे रुसून निघून जायची सोय). गॅसची टाकी काट्यासकट, साडेनऊ हजार. सुतारकाम, लाकूड धरून, पंचेचाळीस. उंच स्टुलं चार, दहा हजार. काचेचे ग्लास डझनभर, अठराशे, पैकी एक वाटेत फुटला. नारळ, हळदकुंकू आणि कापूर, पासष्ट रुपये. बेरीज मी मांडलेली नाही. मांडली की मला घास उतरत नाही.

दोष कुणाचा म्हणाल, तर पुण्याच्या पुतण्याचा. मालक दिवाळीत उत्तरेश्वरच्या बंगल्यावर गेले आणि निराळेच होऊन परत आले. त्याच्या दिवाणखान्यात भिंतीला एक नळ आहे, दांडा पुढं ओढला की बिअरची गार पिवळी धार, वर दोन बोटं फेस, आणि दांडा मागं लोटला की सगळं बंद. आल्या आल्या मला म्हणाले, “अगं, एक थेंब गळत नाही! एक थेंब!” तुम्हाला ठाऊकच आहे, यांचा सगळा जन्म पंपांच्या जळक्या मोटारी भरण्यात आणि लोकांच्या रानात पाणी काढून देण्यात गेला. दुसऱ्याच्या बोअरला पाणी लागलं की हे टाळ्या वाजवतात आणि आपल्या मोरीतला नळ हर्षाली शाळेत होती तेव्हापासून ठिबकतोय. त्या माणसानं आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी काही मागितलं, ते हे. (गाळा: बिअरचं म्हणाल तर शनिवारी एक बाटली, तीही अर्धी उरते. उरलेली मी अळूला घालते. अळू फार सुरेख आलाय.) सरकारात फी भरून परवानासुद्धा काढला. त्यावरचा त्यांचा फोटो लग्नातल्या फोटोपेक्षा बरा आहे.

लाकूडकाम शंकरप्पा सुताराला दिलं. या माणसानं उभ्या हयातीत देवघरं आणि पाळणे सोडून काही केलेलं नाही. मालकांनी फोनवर पुण्याचं चित्र दाखवलं, त्यानं चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाला, “कळलं.” मग महिनाभर तो रंधा मारत होता आणि कुणालाही आत येऊ देत नव्हता. ज्या दिवशी त्यानं पडदा काढला, अक्का, आम्ही दोघं उंबऱ्यातच उभे राहिलो. दोन कोरीव खांब, खांबांवर राघू, मध्ये महिरप, महिरपीत कमळ, आणि बरोबर नळाच्या डोक्यावर शिखर! कळसासकट! दोन्ही बाजूंना पितळी घंट्या. माझे हात आपोआप जोडले गेले. मालक हळूच म्हणाले, “शंकरप्पा, अहो, हा बार आहे.” तर तो म्हणतो, “व्हय की मालक. म्हणून तर तोंड पूर्वेला ठिवलंय, काळजी नको.”

शेजारच्या कडूबाई विरजण मागायला आल्या, त्यांनी चपला बाहेर काढल्या, डोक्यावर पदर घेतला, नळाला नमस्कार केला आणि खालच्या ताटलीत रुपया ठेवला. “कोणता देव बसिवलाय गं?” मी म्हटलं, “अजून बसायचाय.” दुसरं काय सांगणार?

मग नळ जोडायला सोलापूरचा कारागीर आला, शरणबसप्पा नावाचा. बिअरचं पिंपही त्यानंच रीतसर पावतीनं आणलं. आता आपल्या आईची रीत तुम्हाला सांगायला नको. बोअरची पहिली कळशी, गिरणीचं पहिलं पीठ, व्यालेल्या म्हशीची पहिली धार, सगळं आधी येडाईला. मी यंत्राला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि वाटी धरून उभी राहिले. दोघं पुरुष माझ्या तोंडाकडं बघायला लागले. मालक म्हणाले, “अगं, आत बिअर आहे.” मी म्हटलं, “असू द्या. पहिली धार देवीचीच, आणि देवीला बिअर चालत नाही, तेव्हा आधी दुसरं काही तरी भरा.” शरणबसप्पा म्हणाला, “ताई, कंपनीत हे शिकवलं नाही.” मी म्हटलं, “मग मुरुमात शिका.” पिठलं-भाकरी आणि मिरचीचा ठेचा पोटात गेल्यावर तो शिकायला तयार झाला. मी ताक केलं, आलं-जिरं वाटून लावलं, धोतराच्या फडक्यानं गाळून गाळून पाण्यासारखं पातळ केलं, आणि त्यानं ते सोबतच्या कोऱ्या रिकाम्या पिंपात भरून गॅस सोडला.

अक्का, आता पुढचं कसं लिहू? मालकांनी दांडा ओढला. आधी नुसता फुस्स असा आवाज. मग आतून कुणी तरी श्वास घ्यावा तशी नळी थरथरली, आणि पांढरी शुभ्र धार आली. वाटीला बाहेरून घाम फुटला, वर फेस चढला, लोण्याहून मऊ, आणि फेसात बारीक बारीक तारे फुटत होते. मी वाटी देवीपुढं ठेवली, मग प्रसाद म्हणून घोट घेतला. जिभेवर मुंग्या आल्या, गारवा कपाळापर्यंत चढला. मी आजवर कितीदा ताक घुसळलं असेल, पण ताकाच्या पोटात हे होतं, हे मला ठाऊक नव्हतं. दांडा मागं लोटला. एक थेंब गळला नाही.

(इथून गाळा.) शनिवारी बिअर लावली. मालकांनी चार मित्र बोलावले, इस्त्रीचा सदरा घातला. त्यांतले बब्रुवान सावकाश, शिडी चढावी तसे स्टुलावर चढले, नळाला न्याहाळलं आणि म्हणाले, “शिवप्रसाद, सील कुठंय?” हे म्हणाले, नळाला सील नसतं. “मंग सुट्टी हाय म्हणा की! म्या सुटं गोडेतेल घेत न्हाई, सुट्टी बिअर कसा पिऊ?” बाकीच्यांनी माना डोलावल्या. एकानं पिशवीतून बाटल्या काढल्या, सगळ्यांनी बुचं नीट तपासून फोडली आणि आमच्या नळासमोर बसून, आमच्या चिवड्याबरोबर, आपापली प्यायले. मालकांनी एक ग्लास भरला. सगळ्यांकडं बघून हसले. पिऊन मात्र झाला नाही. (गाळणं संपलं.)

म्हणजे पिणारे नळाकडं येईनात, आणि न पिणाऱ्यांचं तुम्हाला माहीतच आहे. आपल्या भाचीच्या, अक्षदाच्या लग्नात, भर पंगतीत, दाजी म्हणाले, “त्या बारवाल्याच्या घरचा निवद औंदा माझ्या हातून चढायचा न्हाई.” मालक दोन पानं सोडून बसले होते. जिलेबी तशीच ठेवून उठले. आमच्या लग्नापासून आमच्या घरचा नैवेद्य यात्रेला दाजींच्याच हातून चढतो. यांना थोरला भाऊ नाही, जे काही थोरपण आहे ते दाजींचं. घरी आल्यावर त्यांनी त्या सगळ्या कोरीवकामावर गोधडी टाकली आणि म्हणाले, “भंगारवाल्याला विचार.” तेव्हापासून त्यांचं जेवण निम्म्यावर आलं होतं, अक्का. हे पत्र निम्मं त्याच्यासाठीच लिहितेय.

मी काही विचारलं नाही भंगारवाल्याला. उरलेलं पिंप शरणबसप्पाला परत नेऊ दिलं, जुनी नळी काढून टाकली आणि कोरी नळी घालून घेतली (दाजींना हे दोनदा वाचून दाखवा: कोरी नळी, तिच्यातून ताकाशिवाय काही गेलेलं नाही). सोमवारी आमचं भजनी मंडळ आलं, ऊन असं की टाळ हातात धरवेनात. मी गोधडी काढली आणि ताक लावलं. बायकांनी टाळ बाजूला ठेवून ग्लास धरले. कडूबाई स्टुलावर चढल्या त्या उतरता येईना म्हणून तिथंच बसून तीन ग्लास प्यायल्या आणि वरूनच अभंग म्हणाल्या. मला धार नीट जमेना, सगळा फेसच यायला लागला. मालक दारातून बघत होते. राहवलं नाही त्यांना. खांद्यावर पंचा टाकून आले, म्हणाले, “सर तिकडं, ग्लास तिरका धरायचा असतो.” मग काय, दांड्यावर हात, ग्लास तिरका, फेस दोन बोटं, आणि प्रत्येकीला, “घ्या अजून, लाजू नका.” घंट्या वाजवायलासुद्धा लागले. त्या रात्री भाकरी पुरती खाल्ली, वर भाताला मागितली.

तेव्हा विनंती अशी. यात्रेला तुमच्या आमराईतल्या नारळाच्या दुकानापुढं थोडी जागा द्या. पेटीला चाकं आहेतच, टेम्पोत घालून आणतो. पालखी आमराईत येईल तेव्हा पहिली धार देवीची, मग येईल त्याला फुकट. शिखर काढता येतं, पण शंकरप्पा काढू देत नाही.

धाकटी,
महेश्वरी

ता. क. गुडघ्याचं तेल हर्षालीबरोबर पाठवते.

ता. क. दुसरं. पाकीट चिकटवताना ध्यानात आलं. तुमचा चष्मा फुटलाय. म्हणजे हे पत्र तुम्ही वाचत नाही, दाजी तुम्हाला वाचून दाखवताहेत. गाळायचंसुद्धा सगळं. नवं लिहिलं असतं, पण कागद पाठपोट भरलाय आणि दुसरा वाया घालवणं जिवावर येतं.

ता. क. तिसरं. तर दाजी, आता तुम्ही सगळं वाचलंच आहे. बिअर आणली होती, खरं आहे. अळूचंही खरं आहे. जे वाईट वाटलं असेल ते मला बोला, यांना नको. वाटी तुमच्या हातून चढली नाही तर ती नुसती ताकाची वाटी. उलट टपाली कळवा. “या” एवढंच लिहिलं तरी पुरे. फक्त पाकिटावर नाव यांचं घाला, माझं नको. पोस्टमन आला की हेच पुढं धावतात.