पाठराखणीचे आठ दिवस

आधी आली शेजारची कुंदाबाई. बोलावलं होतं वर्गाच्या रत्नाताईला, पण वास हिला आला. म्हणते, "घर कोणले देशी वं अक्का?" म्हटलं, बस, साक्षीची सही कर, कळेल. साक्षीदाराला काही मिळत नसतं, ते सही झाल्यावर सांगेन. मग रत्नाताई आणि दुसरे साक्षीदार प्रेमराज आबा आले, मागे जरीना आणि वर्गात शिकलेला तिचा मुलगा तौसिफ. तो ओट्यावरच बसला.

तर मी, भिकुबाई सुकदेव पाटील, वय पंचाहत्तर, राहणार शिरपूर, शाळा तिसरीपर्यंत. गुडघे गेले, डोकं जागेवर आहे. कोणाचा धाक नाही, स्वतःच्या मर्जीनं, स्वतःच्या हातानं हे मृत्युपत्र लिहिते.

१. मागचं घर, भांड्यांसकट, मुलगा ज्ञानेश्वरला. पुढची खोली नाही. त्याला तिथं मोबाइलचं दुकान बसवायचंय.

२. पुढच्या खोलीत रत्नाताई फ्रिज-कूलर दुरुस्ती शिकवतात, वर्षानुवर्षं घरी बसलेल्या पोरांना. वर्ग चालेल तोवर खोली वर्गाची. अट एकच, पण आधी नवलचं सांगते.

ज्ञानेश्वरचा हा मुलगा बारावी नापास होऊन सात वर्षं घरी होता. गल्लीतला तोताराम त्याला चौकात 'कलेक्टर' म्हणून हाक मारायचा. वर्गात त्याचा हात बसला, कारखान्यात काम लागलं, आणि पहिल्याच दिवशी तो फाटकातून परत आला. दुसऱ्या दिवशी मी सोबत गेले. नव्या नवरीबरोबर पाठराखीण जाते, मग याच्याबरोबर का नको? आठ दिवस वॉचमनशेजारी बसून लसूण सोलला. नवव्या दिवशी म्हणतो, "आजी, आते नको येऊ, पोरे हासतस." मी गल्लीत पेढे वाटले. तोतारामला दोन दिले.

पुढे वर्गातल्या अकरा पोरांसोबत अशीच जाऊन बसले. दोन पळाले, नऊ टिकले.

म्हणून अट ही, की प्रत्येक पोरासोबत कामावर पहिले आठ दिवस कोणीतरी जायचं. ते बंद पडलं तर खोली ज्ञानेश्वरची.

३. तोतारामचा धाकटा यंदा घरी बसलाय. त्याला वर्गात घ्यावं. मात्र तोतारामनं स्वतः येऊन विचारावं.

४. तौसिफला सोमवारी काम लागतंय. पाच वर्षं घरी होता, कालपासून भीतीनं जेवला नाही. मला आता रिक्षात चढवत नाही. म्हणून पाठराखणीचं काम नवलला देते, मेल्यावर नाही, आजपासून. नवल इथंच बसलाय, म्हणाला, "मी काय बाई शे का?" म्हटलं, मिशीवाली पाठराखीण चालते. त्यानं सगळ्यांसमोर साहेबाला फोन लावला, आठ दिवस दुपारची पाळी मागितली. मिळाली. तौसिफ ओट्यावरून ऐकत होता. आत आला आणि भाकर मागितली.

सही: भिकुबाई
साक्षीदार: कुंदाबाई झुलाल महाजन, प्रेमराज आबा, निवृत्त पोस्टमन. दोघांदेखत सही केली.
शिरपूर, गुरुवार, १२ जून २०२५

रत्नाताई, जरीना आणि तौसिफ सोमवारी सकाळी आठला परत येतो म्हणालेत. नवल त्याला इथूनच घेऊन निघेल.