लाल काट

३ मार्च
लेकीच्या घरी परमुलखात येऊन पडलेल्या माझ्या तमाम म्हाताऱ्या मित्रांनो! आपलं दुखणं एकच. आपलीच नातवंडं परकी भाषा बोलतात आणि आपण त्यांच्यापुढे ठोंब्यासारखे बसतो!

चाळीस वर्षं सभा गाजवल्या, रोजनिशीतही भाषण सुटत नाही. असो, पोहोचलो. खोली झकास, खिडकीतून भरपूर ऊन. लेक गळ्यात पडून रडली. नात मात्र व्याह्यांच्या मांडीवर.

६ मार्च
व्याही वर्षभर आधी आले. तेव्हा त्यांना इथला एक शब्द येत नव्हता म्हणे. आता नातीला हसवून लोळवतात. माझ्याशीही तीच भाषा! आपल्या भाषेत बोला की, म्हटलं, तर नुसते हसले. शिष्ट! लेक म्हणाली, बाबा, जळू नका, त्यांच्या वर्गात नाव घाला.

७ मार्च
वर्ग वाचनालयाच्या माडीवर. बाईंची रीत लेकीने समजावली. पाठांतर नाही. नव्या शब्दावर चार ओळींची कविता रचायची, मोठ्याने वाचायची. मग खाली त्याच अर्थाचा आपला शब्द लिहून त्यावर लाल काट मारायची, म्हणजे तो मध्ये लुडबुडत नाही. दिवसाला एकच, असं बाईंनी दोनदा बजावलं. मी ‘खिडकी’वर रचली. शब्द असा बसला की बस्स!

१२ मार्च
दिवसाला एकाच कवितेने व्याह्यांना कधी गाठणार? आज नऊ रचल्या! ‘छत्री’ ऐकून नातीने टाळ्या पिटल्या. व्याह्यांचा चेहरा पांढरा पडला, माझी वही ओढायला लागले. पोटात दुखलं, दुसरं काय!

१५ मार्च
ऊन डोळ्यांवर येतं म्हणून ती लावायला उठलो. ती, भिंतीतली, काचेची. नाव आठवेना. वय झालं.

१९ मार्च
व्याह्यांना इथल्या मोडक्यातोडक्या भाषेत विचारलं, विहीणबाईंना काय म्हणून हाक मारायचात? त्यांनी तोंड उघडलं. काहीच आलं नाही. डोळे भरले. आपली वही माझ्यापुढे ठेवली. पानोपान लाल. एकही शब्द शिल्लक नाही.

कळलं. थांबायला हवं. पण नातीने आत्ताच धावत येऊन त्यांची पापी घेतली. त्यांची! मला ओलांडून गेली.

आज शेवटच्या कविता. नातीवर. लेकीवर. घरातल्या सगळ्यांवर. लेक मला हाक मारते त्या शब्दावरही.

२२ मार्च
छोटी मांडीवर आहे — जिंकलो. तो म्हातारा कोपऱ्यात तोंड झाकून —

दारात एक बाई. रडते आहे. मला दोन अक्षरांनी हाक मारते — पुन्हा पुन्हा तीच दोन — ओळखीची वाटते. ती माझी —
माझी —

२३ मार्च
वाचणाऱ्यांनो — लाल पेन हातात घेऊ नका — तुमचं जे कोणी पलीकडच्या खोलीत असेल — आत्ता उठा — आपल्या भाषेत — मोठ्याने हाक मारा — म्हणा —