गुलाबी सुताची शिवण

प्रिय आक्का,

काल टिळकवाडीतल्या पक्ष्यांच्या फोटोंच्या प्रदर्शनात तू काढलेला फोटो लागला. तू असतीस तर जेवताना सगळं सांगितलं असतं. आता लिहायलाच हवं. बक्षीस मिळालं नाही, हे आधीच सांगतो. ते माझ्यामुळे गेलं.

परड्यातल्या अंजिरावर शिंपीण पाखरू पान शिवतंय, तो फोटो. आठवतो ना? वाळत घातलेल्या दोन साड्यांच्या फटीतून कॅमेरा काढून तू पाटावर बसून राहायचीस. मी चहा आणला की हात हलवून हाकलायचीस. "सरक रं मागं, तुझी सावली पडतीया." माग चालवून थकलेली बाई इतकी गप्प कशी बसते, याचं मला नवल वाटायचं. आणि पाखरू हातभर अंतरावर!

फोटोत त्या पाखराच्या चोचीतून गुलाबी धागा लोंबतोय. परवा निवड करताना परीक्षक बाईंनी नेमकं तिथंच बोट ठेवलं. घरटं तुम्हीच शिवून ठेवलंत का, असं मला विचारलं. आक्का, कुंपणावर पांढरं सूत टाकलं असतंस तर कुणी विचारलं तरी असतं का गं?

मला राग आला. तुझ्यावर खोटेपणाचा संशय? मी फोटो मोठा करून पानाची कड दाखवली. आम्ही विणकर, म्हटलं. धागा तुटला की आमची बोटं आपोआप गाठ मारतात. इथं गाठच नाही. टोक पिंजून पानाच्या भोकात अडकवलंय. तू म्हणायचीस तेच त्यांना ऐकवलं: "पाखराला गाठ येत न्हाय, आन् मला गाठ सुटत न्हाय."

बाई हसल्या, त्यांना पटलं. तिथंच थांबलो असतो तर चाललं असतं. पण एवढं सांगणं पुरेसं होतं का? सूत आपल्या मागावरचं, तुकडे तूच कुंपणावर टाकायचीस, हेही मी सांगून टाकलं. पाखरासाठी मुद्दाम काही ठेवलेलं त्यांच्या नियमात बसत नाही. फोटो स्पर्धेबाहेर गेला. रागावलीस का? की "लई शाना" म्हणून हसलीस?

पण त्यांनी तो परत दिला नाही. दाराजवळ लावला, आणि खाली काय लिहायचं ते मलाच विचारलं. मी लिहून दिलं: सूत आमच्या मागावरचं. शिवण शिंपिणीची. फोटो माझ्या आक्काचा.

काल संध्याकाळी आपल्या वडगावच्या बायका आल्या. साडीचा काठ तपासावा तशी त्यांनी ती शिवण तपासली. एक जण दुसरीला म्हणाली, "टाका बघ गं, कसा एकसारखा." मी बाजूला उभा होतो. इतका ताठ मी माझ्या पदवीच्या दिवशीही उभा नव्हतो!

अंजिराला पुन्हा पानं फुटलीत. शब्द देतो, कुंपणावर सूत टाकणं मी थांबवणार नाही. गुलाबीच टाकीन. आणि कुणी विचारलं तर सगळं सांगीन, बक्षीस जायचं असेल तर जाऊ दे.

तुझा धाकटा भाऊ,
बाळू